वानप्रस्थाच्या उंबरठ्यावरचा नाताळ

नाताळ हा मुलाबाळांचा सण, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अगदीच निराधार आहे असेही नाही. गव्हाणीत निजलेले बाळ, दारावर टांगलेली कागदी चांदणी, नवे कपडे, केकच्या जोडीला करंज्या-शंकरपाळ्यांनी भरलेले डबे आणि रात्री घरोघर गाणी गात फिरणारा पोरांचा मेळा, असे महाराष्ट्रातील ख्रिस्ती घरांतले २५ डिसेंबरचे चित्र असते. गोकुळाष्टमीला पाळण्याची दोरी हाती घेणाऱ्या घरांना याचे मर्म वेगळे समजावून सांगायला नको. देव लहान होऊन आपल्या दारी येतो, ही कल्पनाच भक्ताला वेड लावणारी आहे.

तथापि पन्नाशी उलटली की याच कथेत मन निराळ्या ठिकाणी रेंगाळू लागते. निदान माझे तरी तसे झाले आहे. लहानपणी मेंढपाळ आणि पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक एवढेच दिसत. आता लूकच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय उघडले, की बाळाभोवती उभी असलेली म्हातारी माणसे दिसतात. बाळाच्या जन्मापूर्वीच जखऱ्या आणि अलीशिबा हे वयोवृद्ध दांपत्य कथेत येते. बाळाला यरुशलेमच्या मंदिरात नेतात, तेव्हा त्याला हातांवर घेण्यासाठी शिमोन नावाचा भक्त पुढे होतो. हे मुख पाहिले, आता मी सुखाने जाण्यास मोकळा झालो, अशा आशयाचे उद्गार तो काढतो. पाठोपाठ हन्ना येते. ऐन तारुण्यात वैधव्य आलेली, चौऱ्याऐंशीच्या घरातली ही बाई मंदिर सोडून कुठे जात नसे. उपास आणि प्रार्थना यांतच तिचे दिवस सरत होते. आपल्याकडे प्रत्येक गावच्या देवळात खांबाला टेकून बसलेली अशी एखादी आजी असतेच. लूकने तिची आठवण ठेवली, याबद्दल उतरत्या वयाच्या माणसांनी त्याचे ऋणी राहिले पाहिजे.

तेहतीस वर्षांचा देव, पन्नाशीचा भक्त

ख्रिस्ती माणसाला मध्यम वयात एक प्रश्न पडतो. तो फारसा कुणी बोलून दाखवीत नाही. प्रभू येशू ख्रिस्ताचे पृथ्वीवरील आयुष्य परंपरेने तेहतीस वर्षांचे मानले जाते. भूक, तहान, मित्राचा मृत्यू, शिष्याचा विश्वासघात, क्रूसावरील वेदना हे सारे त्याने भोगले. परंतु चाळिशीचा चष्मा त्याच्या नाकावर चढला नाही. गुडघे धरले नाहीत. आपल्याहून उंच झालेल्या मुलाशी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात, हा अनुभव त्याच्या वाट्याला आला नाही. मग पन्नाशीच्या माणसाने म्हातारे होण्याची रीत शिकावी तरी कोणापासून?

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती भक्तांचा आहे असे नाही. ज्ञानदेवांनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली आणि महाराष्ट्रातील ऐंशी वर्षांचे वारकरी त्यांना माउली म्हणतात. तुकोबांचेही आयुष्य प्रचलित गणनेनुसार बेचाळिसाच्या आसपासचे. आपल्याहून वयाने लहान असलेल्या महापुरुषांच्या पायांवर डोके ठेवत म्हातारे व्हायचे, हा महाराष्ट्रातील भक्तांचा सामाईक वारसाच आहे.

आश्रमव्यवस्थेने या वयाचा विचार फार पूर्वी करून ठेवला. गृहस्थाला स्वतःच्या अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पांढरे झाले आणि मुलाचे मूल पाहिले, म्हणजे त्याने अरण्याची वाट धरावी, असे मनुस्मृती सांगते. ख्रिस्ती शास्त्रात आश्रमांची अशी मांडणी नाही. पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी एक प्रसंग आहे. पुनरुत्थित ख्रिस्त सरोवराच्या काठी पेत्राशी बोलत असतो. तू तरुण होतास तेव्हा स्वतःच कंबर बांधून मनाला येईल तिकडे जात होतास. म्हातारा होशील तेव्हा तू हात पुढे करशील, दुसराच कोणी तुझी कंबर बांधील आणि तुला नको असेल तिकडे नेईल, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. पेत्राच्या मरणाची ती सूचना होती, असे शुभवर्तमानकार लगेच सांगतो. मला मात्र त्यात प्रत्येकाच्या उतारवयाचे सूत्र दिसते. तरुणपणीची श्रद्धा स्वतःच्या पायांनी चालते. उतरत्या वयातील श्रद्धेला हात पुढे करावा लागतो आणि तो कोण धरील हे आधी ठाऊक नसते.

आपल्या मराठी मुलखात हे सूत्र ज्यांच्या आयुष्यात उघड वाचता येते, अशा एका दांपत्याचे स्मरण आजच्या दिवशी करावेसे वाटते. ते दांपत्य म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक.

पंचावन्नाव्या वर्षीचे प्रस्थान

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात करजगाव येथे चित्पावन घराण्यात झाला. फुलांचा आणि मुलांचा कवी म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. बालकवी ठोमऱ्यांसारख्या कोवळ्या प्रतिभेला त्यांनी आपल्या घरी आसरा दिला, हेही सर्वश्रुत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. तो निर्णय भर तारुण्यातला होता. स्वतःच कंबर बांधून, कुणाचे न ऐकता, वाटेल ती किंमत देऊन चालू लागण्याचा.

त्या किमतीतला मोठा वाटा इतरांनी भरला, हे विसरून चालणार नाही. पत्नी दूर राहिली. पदरी लहान मुलगा होता. आप्तांच्या दृष्टीने घर बुडाले. धर्मांतर हा शब्द उच्चारला की अजूनही अनेक घरांत मन आखडते आणि ते मी समजू शकतो. आमच्या घराण्यातही काही पिढ्यांपूर्वी असाच एक उंबरठा ओलांडला गेला. ज्याने तो ओलांडला त्याचे नाव आम्ही आदराने घेतो. ज्या आईने आतून दार लावून घेतले आणि दाराआड बसून रडली, तिचे नाव मात्र आता कोणाला ठाऊक नाही. वय वाढते तसे मला त्या नाव नसलेल्या आईचेच अधिक स्मरण होते.

पुढील बावीस वर्षे टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, राहिले. धर्मशिक्षण, कविता, कीर्तने आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन अशी कामे त्यांनी केली. मान होता, वेतन होते, डोक्यावर छप्पर होते. साधारणतः याच वयात माणूस हातचे जपू लागतो. टिळकांनी उलट केले. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निश्चय केला आणि साताऱ्यास जाऊन ‘देवाचा दरबार’ उभारण्याचे काम हाती घेतले. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला आहे ते आणि ज्यांनी घेतलेला नाही तेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून या दरबारात बंधुभावाने एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती.

या दुसऱ्या प्रस्थानाचा अर्थ काय? मला तो असा दिसतो. तेहतिसाव्या वर्षी टिळकांनी घरचा धर्म सोडला. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी त्या नव्या धर्माभोवती चढलेली परकी झूल उतरवली. ख्रिस्त राहिला, त्याच्याविषयी तडजोड नव्हती. परंतु त्याच्यापर्यंत जाण्याची पायवाट आपल्याच मातीतली हवी, ही ओढ अनावर झाली होती. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. अभंग, ओवी, कीर्तन आणि संन्यास ही सारी साधने त्यांना बालपणापासून परिचित होती. मध्यम वयात माणूस पुष्कळदा असा मागे वळतो. तरुणपणी ज्याच्याशी भांडून बाहेर पडलो, त्यातले आईच्या हातचे काय होते ते त्याला तेव्हा कळू लागते.

दरबाराचे दिवस फार नव्हते. ५ मे १९१८ रोजी बालकवी रेल्वेखाली सापडून गेले. पितृवत् प्रेम करणाऱ्या टिळकांना तो आघात सोसावा लागला. पुढे वर्षभरातच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांचे देहावसान झाले. ‘देवाचा दरबार’ रांगतच होता. ख्रिस्तचरित्रावर ओवीबद्ध महाकाव्य लिहायचे, ही त्यांची अनेक वर्षांची आस होती. ‘ख्रिस्तायन’ नावाच्या त्या काव्याचे दहा-अकरा अध्यायच हातावेगळे झाले होते. ज्याने आयुष्यभर स्वतःच्या पायांनी वाट तुडवली, त्याला शेवटी हात पुढे करावा लागला. तो हात कोणी धरला?

लक्ष्मीबाईंची पावले

तो धरला लक्ष्मीबाईंनी. १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपुरात, कडक सोवळ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी लग्न झाले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. पतीच्या धर्मांतराची वार्ता आली, तेव्हा त्या त्याच्यामागे गेल्या नाहीत. नातलगांच्या आधाराने त्यांनी जे दिवस काढले, त्यांत पंढरपूरचेही दिवस होते. विठ्ठलाच्या नगरीत पतीविना राहणारी, सौभाग्यवती असूनही लोकांच्या दृष्टीने अर्धवट विधवा झालेली ती तरुण स्त्री काय सोसत असेल, याची कल्पना ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला येते. आणि नवल असे की, ते सांगताना लक्ष्मीबाई स्वतःलाच हसतात.

पुढे त्या पतीजवळ राहू लागल्या, तरी स्वयंपाक वेगळा आणि सोवळे वेगळेच राहिले. टिळकांनी घाई केली नाही, हा त्यांचा मोठेपणा होता. लक्ष्मीबाईंच्या मनातून आधी गेला तो जातिभेद. हा भेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हा निर्णय त्यांनी आपल्या बुद्धीने घेतला. त्यानंतर, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी एका उडीत ओलांडलेली दरी लक्ष्मीबाई पाच वर्षे चालत राहून, प्रत्येक पाऊल चाचपून पार करत्या झाल्या. संसारात नवराबायकोची श्रद्धा एकाच वेगाने चालावी, असा हट्ट धरणाऱ्यांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एक वारीला निघतो आणि दुसरा घरी राहून तुळशीला पाणी घालतो. दोघेही त्याच देवाकडे चाललेले असू शकतात.

टिळक गेले तेव्हा लक्ष्मीबाई पन्नास वर्षांच्या होत्या. त्या काळाच्या रीतीने आयुष्य संपल्यातच जमा झाले होते. पण त्यांचे खरे लेखनकार्य यानंतरचेच. त्यांनी पोटासाठी नोकरी केली, मुलाच्या संसाराबरोबर कराचीसारख्या दूरच्या शहरात दिवस काढले आणि त्या धावपळीत ‘ख्रिस्तायन’चा धागा हाती घेतला. पतीने दहा-अकरा अध्यायांवर सोडलेल्या काव्याला या शाळा न पाहिलेल्या बाईंनी चौसष्ट अध्यायांची भर घातली. १९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध झाली. मराठी गद्यात त्या पुस्तकाच्या तोडीचे आत्मचरित्र क्वचितच सापडेल. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाई निवर्तल्या आणि १९३८ साली ‘ख्रिस्तायन’ छापून बाहेर पडले.

जी बाई या धर्मात सर्वांत शेवटी, पाय ओढत आली, तिच्याच हातून ते पुराण पुरे झाले. मला यात ईश्वरी न्याय दिसतो. उडी मारणारा वाट दाखवतो. पण वाटेवरचा दगड न् दगड ठाऊक असतो तो चालत आलेल्याला.

केडगावची विद्यार्थिनी

याच काळातील दुसरे एक आयुष्य आठवते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली, पंचविसाव्या वर्षी, इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. पुढे दुष्काळात होरपळलेल्या मुलीबाळींसाठी केडगावी मुक्ती सदन वसवले. हे सारे चरित्र शाळेच्या पुस्तकांतून आपल्याला माहीत असते. परंतु पंचेचाळिशी उलटल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या, याचा उल्लेख सहसा होत नाही. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल उतरवायचे, म्हणून संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास आरंभला. शेकडो मुलींचा संसार चालवता चालवता वर्षामागून वर्षे ते भाषांतर चालू राहिले. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा गेली. आपल्यामागे सारे काही जिच्या हाती द्यायचे, तीच आधी गेली. रमाबाई कामावर बसून राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा देह पडला. त्यांचे बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून छापून बाहेर पडले, ते १९२४ साली.

आणखी मागे, गोव्याकडे पाहावे तर फादर स्टीफन्स दिसतात. तरुणपणी, १५७९ साली, हा इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यात उतरला. त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, तेव्हा त्याने साठी ओलांडली होती. सदतीस वर्षे या मातीत मुरल्यावर त्याची ओवी पिकली. एकूण काय, मराठीतील ख्रिस्ती भक्तीची ही मोठी कामे केसांत रुपेरी छटा आल्यानंतरच्या हातांनी पुरी केलेली आहेत.

हात पुढे करावा

या चरित्रांकडे पाहून पन्नाशीतल्या साध्या माणसाने काय घ्यावे? आपण काही महाकाव्य लिहिणार नाही की हिब्रू शिकणार नाही. तथापि अर्धे राहिलेले एखादे पुराण प्रत्येक घरात असते. वडिलांनी मांडलेला आणि अबोल्यामुळे अर्धा राहिलेला एखादा समेट असतो. आईने बोललेला आणि फेडायचा राहून गेलेला नवस असतो. भावकीत न झालेली भेट असते. तरुणपणी आपण नव्या कामांच्या मागे धावतो. उतरत्या वयाचा धर्म बहुधा असा आहे की, दुसऱ्याने अर्धे सोडलेले काम आपण हाती घ्यावे आणि आपले अर्धे राहिले तर ते दुसऱ्याच्या हाती निश्चिंतपणे द्यावे. यातला दुसरा भाग फार कठीण आहे. आपल्या ओव्या दुसऱ्या कुणी पुऱ्या करायच्या, म्हणजे त्या आपल्या मनासारख्या होणार नाहीत, हे मान्य करावे लागते.

माझी प्रार्थनाही या वयात बदलली आहे. पूर्वी तीत मागण्यांची यादी असे. नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा असे काही ना काही. हल्ली यादी असते ती नावांची. काही नावे दवाखान्यातल्या माणसांची, काही परदेशी गेलेल्या मुलांची, काही आता या जगात नसलेल्यांची. रविवारी मंडळीत तबला-पेटीच्या साथीने टिळकांचे एखादे भजन सुरू होते, तेव्हा पूर्वी चालीकडे लक्ष असे. आता शेजारच्या बाकावरच्या थकलेल्या आवाजाकडे असते. संध्याकाळी शेजारच्या घरातून हरिपाठाचे सूर येतात, तेव्हा तिकडचा आवाजही दरवर्षी थोडा थोडा थकत चालला आहे हे जाणवते. दिवाळीत तिकडून ताट येते, नाताळात इकडून जाते. ताटांवरचे रुमाल विणणाऱ्या दोन्ही घरच्या बायकांचे डोळे आता सारख्याच नंबरच्या चष्म्यांतून पाहतात.

निकदेम नावाचा एक विद्वान रात्रीच्या वेळी ख्रिस्ताकडे आला होता. म्हातारा झालेला माणूस पुन्हा जन्म कसा घेईल, असे त्याने विचारले. तरुणपणी मला तो प्रश्न भाबडा वाटे. आज तो माझाच वाटतो. त्याचे एक उत्तर मला यरुशलेमच्या मंदिरातील शिमोनापाशी सापडते. त्याने नवे काहीच केले नाही. दुसऱ्याचे लेकरू हातांवर घेतले, त्याला आशीर्वाद दिला आणि ज्याचे त्याच्या आईपाशी परत दिले. ते बाळ पुढे काय करील हे पाहायला आपण असणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. तरीही तो आनंदला.

आज ज्या घरांतून चांदणी लागली आहे आणि ज्या घरांतून देवापुढे नेहमीची समई तेवते आहे, त्या सर्व घरांतील ज्येष्ठांना हा शिमोनाचा आनंद लाभो. आणि मधल्या वयाच्या, अजून ओझी वाहत असलेल्या आपल्यासारख्यांना वेळीच हात पुढे करण्याची बुद्धी होवो, हीच या मंगल दिवशी प्रभुचरणी प्रार्थना.